इंटिग्रेटेड ऑप्टिक्समधला प्रोजेक्ट निवडताना: माझे गेलेले सहा आठवडे

इंटिग्रेटेड ऑप्टिक्स म्हणजे चिपवर किंवा काचेवर बारीक वाटा करून त्यातून प्रकाश नेणं. पदवीच्या प्रोजेक्टचं शीर्षक द्यायच्या शेवटच्या दिवशी आम्ही चौघांनी लिहून दिलं: ‘उसाच्या रसातली साखर मोजणारा सिलिकॉन रिंग रेझोनेटर सेन्सर’. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे समितीला विषय लगेच आवडला. आम्हालाही आवडला. आपल्या हातात कोणतं उपकरण आहे, किती महिने आहेत आणि उत्तर चुकलं तर ते आपल्याला कळणार कसं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. आता ज्युनिअर मुलं बेळगावात शहापूरला माझ्या घरी येतात विषय विचारायला, तेव्हा मी त्यांना हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारते.

आधी तीन शब्द: वेव्हगाइड म्हणजे प्रकाश वाहून नेणारी बारीक वाट, मोड म्हणजे त्या वाटेत प्रकाश पसरण्याची ठरलेली रचना, आणि रेझोनन्स म्हणजे गोल वाटेत (रिंगमध्ये) पूर्ण संख्येने लाटा बसतात ती तरंगलांबी. आमची रिंग १० मायक्रोमीटर त्रिज्येची, सिलिकॉनची जाडी २२० नॅनोमीटर, रुंदी ४८०, वरून ऑक्साइड, प्रकाश १५५० नॅनोमीटरचा. मोड सॉल्व्हरने, म्हणजे वेव्हगाइडचा मोड काढून देणाऱ्या प्रोग्रामने, इफेक्टिव्ह इंडेक्स (त्या मोडला जाणवणारा अपवर्तनांक) दिला जवळपास २.४. दोन लागोपाठच्या रेझोनन्समधलं अंतर काढायला मी तरंगलांबीच्या वर्गाला रिंगचा परीघ आणि हा २.४ यांच्या गुणाकाराने भागलं. उत्तर आलं सुमारे १६ नॅनोमीटर. मीप या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन केलं तर अंतर ९ च्या आसपास.

मी सूत्रावर विश्वास ठेवला आणि सिम्युलेशन दुरुस्त करत बसले. इथे माझे सहा आठवडे गेले. आधी ग्रिड, म्हणजे सिम्युलेशनमधल्या चौकटींचा आकार, २० नॅनोमीटरवरून १० केला. त्रिमितीत ग्रिड निम्मा केला की मेमरी आठपट लागते आणि वेळ सोळापट. लॅबमधल्या त्या एका कॉम्प्युटरवर रात्रभर रन लावून जायचे. जुलैचा पाऊस, पहाटे वीज गेलेली, सकाळी स्क्रीन काळी. पुन्हा पहिल्यापासून. उत्तर तेच, ९. मग बाउंडरी बदलल्या, सोर्स बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल केलं.

शेवटी एका दुपारी मोड सॉल्व्हरमध्ये तरंगलांबी १.५५ मायक्रोमीटरऐवजी चुकून १.५६ टाइप झाली आणि इंडेक्स २.४०० चा २.३८८ झाला. मी तो आकडा वहीत लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

इंडेक्स स्थिर नसतो. तरंगलांबी वाढली की प्रकाश एवढ्याशा सिलिकॉनमध्ये नीट मावत नाही, बाजूच्या ऑक्साइडमध्ये पसरतो आणि इफेक्टिव्ह इंडेक्स उतरतो. एका रेझोनन्सवरून दुसऱ्यावर जाताना तरंगलांबीही बदलते आणि इंडेक्सही, म्हणून दोघांमधलं अंतर इफेक्टिव्ह इंडेक्स नाही, ग्रुप इंडेक्स ठरवतो. इफेक्टिव्ह इंडेक्समधून तरंगलांबी गुणिले इंडेक्सचा उतार वजा करा. उतार ऋण आहे, म्हणजे बेरीजच होते. १० नॅनोमीटरला ०.०१२ घट म्हणजे मायक्रोमीटरला सुमारे १.२. त्याला १.५५ ने गुणून २.४ मध्ये मिळवा, ४.२ च्या वर येतं. आता ४.२ घालून तोच भागाकार करा: ९.१ नॅनोमीटर. सिम्युलेशन पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

हे इतकं सविस्तर लिहिलं कारण बल्क, म्हणजे जाड अखंड काचेची गणितं करून आलेल्या मुलांना हे दोन इंडेक्स एकच वाटतात. काचेत त्यांच्यातला फरक शेकडा एक-दोन असतो, सिलिकॉनच्या बारीक वेव्हगाइडमध्ये ग्रुप इंडेक्स इफेक्टिव्हच्या पावणेदोन पट होतो. रिंग घ्या, माख-झेंडर (प्रकाश दोन वाटांत विभागून पुन्हा जोडणारी रचना) घ्या, दोन्हीकडे हा खड्डा आहे. मोड सॉल्व्हर नेहमी तीन तरंगलांबींवर चालवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता निवडीचं. चिप बनवून मोजणार असं एका वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये लिहू नका. बाहेरच्या कॉलेजांना नॅनोफॅब (चिप बनवायची प्रयोगशाळा) वापरू देणारा आयएनयूपी कार्यक्रम बंगळूरच्या आयआयएस्सीत आणि आयआयटी मुंबईत आहे, त्यासाठी जरूर प्रयत्न करा, पण पदवी त्यावर टांगून ठेवू नका. शिवाय जे काढाल तसंच बनून येत नाही. माझे बाबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे लाकडी नमुने, करतात. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा धरतात. आमच्या डिझाइनमध्ये असली सूट कुठेच धरलेली नव्हती. रुंदी १० नॅनोमीटर इकडेतिकडे झाली तर रेझोनन्स कुठे जाईल, एवढा एकच प्रश्न घेतलात तरी तो चांगला प्रोजेक्ट आहे. लहान वाटतो, पण तो पूर्ण होतो आणि व्हायव्हाला प्रत्येक आकड्याचं उत्तर देता येतं.

रेडिमेड प्रोजेक्ट विकत घेऊ नका. आमच्या वर्गात ते झालं आहे, आणि त्या मुलांना परीक्षकांनी ग्राफचा उभा अक्ष विचारला तेव्हा त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

गाईडबद्दल माझं मत ठाम आहे. ऑप्टिक्स न शिकवणारे पण दर शुक्रवारी तुमची वही उघडून ‘हा आकडा कुठून आला?’ विचारणारे सर किंवा मॅडम मिळाल्या तर त्यांनाच धरा. मोठं नाव आणि महिन्याला एक ईमेल, याचा पदवीच्या मुलांना उपयोग नाही. कन्नड नीट येत नाही म्हणून मराठी शाळेतून आलेली काही मुलं सरांच्या केबिनपर्यंत जातच नाहीत. जा. मी मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, उत्तर नेहमी मिळालं.

पैशांची अडचण असेल तर कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद विद्यार्थी प्रकल्पांना अनुदान देते, कॉलेजमार्फत अर्ज करा.

आणि हाताने काही करायचंच असेल तर काचेकडे वळा. ‘इंटिग्रेटेड ऑप्टिक्स’ हे नाव १९६९ मध्ये बेल लॅब्सच्या स्ट्युअर्ट मिलर यांनी दिलं. त्यानंतरच्या दशकातलं बरंच काम साध्या काचेवरचं आहे आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे. मायक्रोस्कोपची सोडा-लाइम स्लाइड वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, ३३४ अंशांच्या वर, काही तास बुडवून ठेवली की काचेतला सोडियम बाहेर येतो, पोटॅशियम आत जातो आणि पृष्ठभागाचा इंडेक्स सुमारे ०.०१ ने वाढतो. झाला वेव्हगाइड. वितळलेलं नायट्रेट तेल, कागद, कापूस यांच्याजवळ अत्यंत धोकादायक असतं, म्हणून केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, मॅडम समोर असतानाच करा. यात पडताळाही आपोआप मिळतो: खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे चौपट वेळ ठेवलेल्या स्लाइडमध्ये ती दुप्पट भरायला हवी.

आमच्या पुढच्या बॅचमधल्या दोघींनी हेच केलं. लेसरचा प्रकाश स्लाइडमध्ये शिरवणारा प्रिझम दाबून बसवायला त्यांना तीन दिवस लागले. मग एका संध्याकाळी लॅबचे दिवे बंद केले, लेसरचा कोन केसभर फिरवला, आणि स्लाइडवर प्रिझमपासून काठापर्यंत एक बारीक लाल रेघ उमटली. एक जण मोजपट्टी घेऊन तिची लांबी मोजायला लागली, दुसरी वहीत वेळ लिहीत होती.