कुणाला 'आळशी' म्हणण्याआधी त्याचा हिशोब असा मांडा

गटात कर्ज मागायला बाई आली की कुणीतरी कुजबुजतंच, "नवरा पितो, म्हणून ही गत." मी जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडची, बचत गटाची वही माझ्याकडे असते.

वहीत दोन रकाने पाडा: एक परिस्थितीचा, एक निवडीचा. परिस्थितीत आधी सातबारा बघा. नाव अजून मेलेल्या सासऱ्याचंच असेल, तर सोसायटीचं पीककर्ज तिथेच अडतं. मग सावकार. महिन्याला शेकडा 5, म्हणजे वर्षाला 60. 20,000 ची उचल वर्षभरात 32,000 होते. तलाठ्याकडे वारस नोंद लावायला पाठवा, दारूचं नंतर बोला.

मग पाणी विचारा. रावेर-यावलला केळी, इकडे कोरडवाहू कपाशी, राबणं तेवढंच. 2017 ला गुलाबी बोंडअळी आली, ती काय कुणी बोलावली होती?

निवडीचा रकाना असतोच: दारू, सट्टा, लग्नाचा मांडव. (मांडव मी अर्धाच धरते, भाऊबंद ऐकतात थोडेच!) पण आकडा लिहाच. "नशीब शे माय" म्हणून सुटू पाहणारीलाही लिहायला लावा.

दोन्ही रकाने भरले की कर्ज ठरवा. हप्ता मात्र दिवाळीनंतर, कापूस विकल्यावरचा धरा.