तयार गेमिंग पीसी अपग्रेड करताय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

तयार घेतलेला गेमिंग पीसी नव्या गेमला कमी पडायला लागला की पहिला प्रश्न येतो, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ? कार्डाचं नंतर बघू. कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, किती भार पेलतो, हे आधी बघा. तयार पीसी विकताना प्रोसेसर आणि कार्डाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, एसएमपीएसबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते. खर्च वाचवायला तीच जागा सोपी पडते.

बॅकअप घेतलाय आणि वॉरंटीचं सील तोडण्याबद्दल कंपनीला विचारलंय, असं धरून चालतो. नाशिकच्या थंडीत हवा कोरडी असते आणि अंगावर स्थिर वीज साठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत लोकरी स्वेटर घालून काम करू नका आणि प्रत्येक भाग हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

रॅम हे सोपं काम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते दिसतं. बऱ्याच तयार पीसींत एकच स्टिक असते. तिला तशीच जोडीदार आणा किंवा दोन स्टिकचा संच घ्या. चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूने दुसरा आणि चौथा वापरायचा. डीडीआर४ बोर्डात डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहील. काही ब्रँडेड बोर्डांत ही सेटिंग नसते, तिथे महागड्या रॅमवर पैसे घालू नका.

एसएसडी त्याहून सोपी. मदरबोर्डवरचा एम.२ स्लॉट एनव्हीएमई (वेगवान प्रकार) घेतो की फक्त साटा (जुना, हळू प्रकार), एवढं मॅन्युअलमध्ये बघा. तिरकी घाला, दाबा, स्क्रू लावा. वर हीटसिंक असेल तर थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढा.

आता एसएमपीएस. इथे घाई करू नका.

बाजूचं झाकण काढा आणि लेबल पूर्ण वाचा. वर मोठा लिहिलेला वॅटचा आकडा बाजूला ठेवा. तुमच्या कामाचा रकाना १२ व्होल्टचा, कारण कार्ड आणि प्रोसेसर तिथूनच वीज घेतात. वर ५०० वॅट छापलंय, पण १२ व्होल्टखाली १८ अँपिअर असेल, तर गुणाकार करा: हातात २१६ वॅट आले. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर दोघांची थेट बेरीज करू नका, खाली एकत्रित वॅट दिलेले असतात, तो आकडा धरा. आरटीएक्स ३०६० कार्ड एकटं १७० वॅट घेतं आणि ते बनवणारी एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट पुरतात. काउंटरवर “चालून जाईल” ऐकलंत तर हा गुणाकार तिथेच करून दाखवा.

लेबल कमी पडलं तर नवा घ्यावा लागेल, पण पैसे देण्याआधी मदरबोर्डला जाणारा मुख्य कनेक्टर मोजा. २४ पिन, बारा-बाराच्या दोन ओळी, आणि प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनचा वेगळा कनेक्टर असेल, तर बाजारातला साधा एटीएक्स (प्रमाणित मापाचा) एसएमपीएस बहुधा जुळेल. मुख्य कनेक्टर १० किंवा ६ पिनचा निघाला तर थांबा. कित्येक ब्रँडेड मशीनमध्ये कंपनीची स्वतःची मांडणी असते. डब्याचा आकारही मोजा: एटीएक्सची रुंदी १५० मिलिमीटर, उंची ८६. अडॅप्टर लावून जमवायचा सल्ला खूप जण देतात. मी तो कोणालाही देत नाही. अशा मशीनला ज्यांना वेगळा पॉवर कनेक्टर लागत नाही अशी कार्डं घ्या. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटमध्ये चालतं, आणि कार्ड ज्यात बसतं तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट ७५ वॅट देऊ शकतो. त्याहून मोठं कार्ड हवं असेल तर बोर्ड आणि कॅबिनेट बदलायचा हिशेब करा.

केबलबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या जुन्या केबल नव्याला लावू नका, कंपनी तीच असली तरी. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी मॉडेलनुसार बदलते. केबल बसते, आणि चुकीचा व्होल्टेज गेला की एसएसडी, बोर्ड काहीही जळतं. दुसरं, डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या केबलवरून कार्डासाठी ८ पिन करून देणारा अडॅप्टर वापरू नका. साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट सुरक्षित जातात, कार्डाचा ८ पिन १५० वॅटचा असतो. प्लास्टिक वितळतं, कधी पेटतंही.

बदलताना प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, जुन्या जोडणीचे फोटो काढा. डबा स्वतः उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतात. जोडताना क्लिक ऐकू आलीच पाहिजे. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, असं झालं तर प्रोसेसरजवळची केबल राहिली आहे का ते आधी तपासा.

कार्डाची लांबी विकत घेण्याआधीच मोजा. बसवा, स्क्रू लावा, आणि मॉनिटरची केबल कार्डाला जोडा, मदरबोर्डला नाही.

भिंतीतल्या विजेकडेही बघा. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात राहत असाल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आजच. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, गेम चालू असताना वीज गेली की नव्या कार्डाच्या भाराने तो बंद पडतो. १००० व्हीए किंवा मोठा, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा घ्या. वळवाच्या पावसाच्या दिवसांत बायोस अपडेट यूपीएसशिवाय करूच नका.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. ते बऱ्याचदा बोर्डात असतं, बायोसमध्ये फक्त बंद ठेवलेलं असतं. ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असला तरी विंडोज कित्येकदा ६० वरच ठेवते, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदला.

शेवटी जड गेम अर्धा तास चालवा आणि तापमान बघत राहा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हीच चाचणी पुन्हा करा. भार आल्यावर पीसी एकदम रीस्टार्ट होत असेल तर विंडोज पुन्हा टाकत बसू नका. एसएमपीएसच्या लेबलाकडे परत जा आणि प्रोसेसरचे वॅट धरून गुणाकार नव्याने मांडा.