‘प्रिन्सेस कागुया’ मुलांना दाखवताय? या चुका टाळा

मे महिन्यात कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या गच्चीवर चादर बांधून गल्लीतल्या पोरांना इसाओ ताकाहाता यांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) हा अ‍ॅनिमेशनपट दाखवला. बांबूच्या कोंबात सापडलेल्या मुलीची ही जुनी जपानी लोककथा. त्या रात्री काय चुकलं, ते सांगते.

‘परीची गोष्ट आहे’ असं सांगून पोरांना बसवू नका. मग ती राजपुत्राची वाट बघत राहतात. सिनेमा १३७ मिनिटांचा आहे. तिला मागणी घालायला पाच उमेदवार वाड्यावर येण्याआधी मध्यंतर घ्या आणि लहानग्यांना पुढचं थोडक्यात मराठीत सांगा. चालू सिनेमात बोलू नका.

म्हाताऱ्या बापाला खलनायक ठरवू नका. त्याला बांबूतच सोनं आणि रेशमी वस्त्रं मिळतात. पोरीनं राजकन्या व्हावं हीच देवाची इच्छा, असं तो मनाशी धरतो. डोंगरात हुंदडणाऱ्या पोरीला राजधानीत आणतो, रीत शिकवायला बाई ठेवतो. भुवया उपटायच्या, दात काळे करायचे. पोर विचारते, मग घाम डोळ्यांत जाईल की! इथं ‘काय एकेक जपानी चाली’ म्हणून पोरं हसली. त्यांना सांगा, आपल्याकडंही जुन्या बायका दातवण लावून दात काळे करायच्या. हसू थांबतं, प्रश्न सुरू होतात.

आमच्यातले एक काका म्हणाले, ‘‘बापानं काय कमी केलंय तिला?’’ मागनं सातवीतली पोर म्हणाली, ‘‘पण काका, तिला इचारलं कुठं?’’ मी मध्ये पडून विषय मिटवला. तसं करायला नको होतं. सगळा सिनेमा त्या दोन वाक्यांत होता, त्यांना बोलू द्यायला हवं होतं.

नामकरणाच्या मेजवानीतून ती अंगावरची वस्त्रं भिरकावत पळत सुटते, तेव्हा पडद्यावरच्या रेषा कोळशानं ओरबाडल्यासारख्या होतात. प्रोजेक्टर बिघडला म्हणून एकानं केबल हलवली. तो बिघाड नाही, तिचा संताप त्या रेषेत उतरलाय. कडेला कोरा सोडलेला कागदही मुद्दामच. चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात हाताच्या रेषेचं मोल आणखी काय सांगायचं! टीव्हीवर लावणार असाल तर ‘व्हिव्हिड’ मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. भडक रंगांत जलरंगांची हलकी छटा मरते.

उमेदवारांना ती अशक्य वस्तू आणायला सांगते, त्याला स्वयंवराचा पण समजू नका. गर्विष्ठ तर मुळीच म्हणू नका. तिला न बघताच त्यांनी तिची तुलना त्या दुर्मीळ वस्तूंशी केलेली असते. मग आणा त्या, एवढंच ती म्हणते. थेट नाही म्हणायची सोय नसलेल्या पोरीचा तो नकार आहे.

आणि शेवटी नावं सुरू झाली की लगेच दिवे लावू नका. तेव्हा लागणारं गाणं पुरतं होऊ द्या.