एका धावपट्टीवर विमानांचा क्रम कसा लावावा : दाबोळीच्या निमित्ताने

दाबोळीचा विमानतळ मुळात नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’ तळाचा भाग आहे आणि तिथे उतरणारी प्रवासी विमाने, उडणारी प्रवासी विमाने व नौदलाचा सराव या तिघांना मिळून एकच धावपट्टी आहे. त्यामुळे गणिती इष्टतमीकरण, म्हणजे अनेक पर्यायांतून सर्वांत चांगला गणिताने निवडणे, शिकणाऱ्या गोव्यातल्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. पुढे मांडलेले प्रारूप अभ्यासासाठी आहे. प्रत्यक्षात कोणते विमान आधी घ्यायचे, हा निर्णय हवाई वाहतूक नियंत्रकाचाच असतो.

प्रथम प्रत्येक विमानासाठी तीन वेळा लिहून घ्याव्यात : ते लवकरात लवकर केव्हा उतरू शकते, केव्हा उतरणे अपेक्षित आहे आणि इंधनाचा विचार करता उशिरात उशिरा केव्हा उतरलेच पाहिजे. त्यानंतर जोड्यांचा तक्ता करावा. मोठे विमान मागे हवेचे भोवरे सोडते, म्हणून १३६ टन किंवा त्याहून अधिक कमाल उड्डाणवजनाच्या ‘हेवी’ विमानामागून मध्यम वर्गातले विमान येत असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५ सागरी मैल अंतर ठेवावे लागते. मध्यमामागून मध्यम किंवा हेवी येत असेल, तर इथे ३ मैल धरू. शेवटच्या टप्प्यात वेग १४० नॉट, म्हणजे ताशी १४० सागरी मैल मानला, तर ५ मैलांचे सुमारे १२९ सेकंद होतात आणि ३ मैलांचे ७७.

आता तीन विमाने घेऊ. हेवी विमानाची अपेक्षित वेळ ० सेकंद, पहिल्या मध्यमाची ३० आणि दुसऱ्याची ६०. अपेक्षित वेळेआधी कोणीही उतरत नाही. आले तसे घेतले, तर विमाने ०, १२९ आणि २०६ व्या सेकंदाला उतरतात आणि एकूण उशीर २४५ सेकंद होतो. दोन्ही मध्यम विमाने आधी घेतली, तर वेळा ३०, १०७ आणि १८४ होतात व उशीर २३१ वर येतो. मात्र या १४ सेकंदांच्या बचतीसाठी हेवी विमान १८४ सेकंद थांबते. त्यातल्या प्रवाशांची संख्या लक्षात घेऊन त्याच्या उशिराला दुप्पट वजन, म्हणजे दुप्पट महत्त्व दिले, की दुसऱ्या क्रमाचा खर्च, म्हणजे वजनासह मोजलेला उशीर, ४१५ होतो आणि आले तसे घेणेच योग्य ठरते. म्हणूनच माझ्या मते सॉल्व्हर (असे गणित सोडवणारी संगणकप्रणाली) चालवण्याआधी वजने कोणी व कशासाठी ठरवली, हे स्पष्ट लिहून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. कोणतेही विमान आपल्या मूळ क्रमापासून एकाहून अधिक जागा सरकणार नाही, असे बंधन घातले तरी हा दुसरा क्रम बाद होतो, आणि न्यायाच्या दृष्टीने हे बंधन मला आवश्यक वाटते.

दहा विमानांचे ३६,२८,८०० क्रम होतात, तेव्हा हाताने तपासणे सोडून मिश्र पूर्णांक प्रारूप, म्हणजे ज्यात काही चल केवळ पूर्णांकच असू शकतात असे प्रारूप, मांडावे. प्रत्येक जोडीसाठी ० किंवा १ असा एक चल घ्यावा. ‘अ’ हे ‘ब’च्या आधी असेल तर तो १. मग बंधन असे लिहावे : ब ची वेळ ≥ अ ची वेळ + अंतर − म × (१ − चल). यातला ‘म’ म्हणजे, चल ० असताना हे बंधन निष्प्रभ करणारा मोठा आकडा. तो उगाच लाखात धरू नये. अ ची उशिरात उशिराची वेळ अधिक अंतर, वजा ब ची लवकरात लवकरची वेळ, एवढा तो पुरतो आणि उत्तरही लवकर मिळते. पायथन या संगणकभाषेतले ‘पल्प’ किंवा ‘ओआर-टूल्स’ हे साधन या कामाला पुरेसे आहे.

उडणारी विमानेही प्रारूपात घेताना मात्र सावध राहावे. अंतराचे बंधन केवळ लागोपाठच्या विमानांवर घालण्याची चूक मी स्वतः केली होती. हेवी उतरले, ५० सेकंदांनी एक विमान उडाले आणि आणखी ६० सेकंदांनी मध्यम उतरले, तर लागोपाठच्या दोन्ही जोड्या तक्त्यात बरोबर दिसतात. पण दोन उतरणाऱ्या विमानांत ११० सेकंदच उरतात आणि १२९ चा नियम मोडतो. म्हणून बंधन प्रत्येक जोडीवर हवे.

गोव्यात येणारी बहुतेक विमाने ए-३२० किंवा ७३७ च्या, म्हणजे मध्यम वर्गातली असतात. सगळी अंतरे सारखीच असली, की उतरण्याचा क्रम बदलून फारसे हाती लागत नाही. खरा फायदा दोन उतरणाऱ्यांच्या मध्ये उड्डाण कुठे बसवायचे, यातच असतो.

नौदलासाठी राखीव वेळ असेल, तर प्रत्येक विमानाला आणखी एक ०-१ चल द्यावा : एकतर त्या वेळेआधी, नाहीतर नंतर. एखाद्या विमानाला दोन्हींत जागा मिळाली नाही, तर त्याला मुंबई किंवा दिल्लीच्या जमिनीवरच थांबवण्याचा पर्याय प्रारूपात ठेवावा, कारण समुद्रावर घिरट्या घालण्यापेक्षा त्यात इंधन कितीतरी कमी जळते. मोपा या गोव्यातल्या दुसऱ्या, नागरी विमानतळाच्या धावपट्टीसाठी हेच प्रारूप वापरताना नौदलाच्या राखीव वेळेचे बंधन काढून टाकावे.

शेवटी, हे गणित एकदा सोडवून भागत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी नव्या वेळा घालून ते पुन्हा सोडवावे, मात्र जी विमाने उतरण्याच्या अगदी जवळ आली आहेत त्यांचा क्रम गोठवावा, नाहीतर नियंत्रकाने नुकतीच दिलेली सूचना त्याला लगेच फिरवावी लागेल. जुलैतल्या मुसळधार पावसासाठी तक्त्यातली सगळी अंतरे वाढवून एक वेगळी चाचणी घ्यावी आणि एखादे विमान न उतरताच पुन्हा वर गेले, तर त्याला नवे विमान मानून रांगेत घालावे.