छर्ऱ्याची बंदूक आणि परवाना: या चुका टाळा

‘छर्ऱ्याच्या बंदुकीला कुठं लायसन लागतं?’ दुकानदार असं म्हणतो, मित्र म्हणतात, कधी कधी घरची मोठी माणसंही म्हणतात. पण हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे नेमबाजीची आवड असलेली साधी माणसं नाहक अडचणीत येतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या फक्त दारूवर चालणाऱ्या बंदुकीपुरती नाही. स्फोटकाच्या ‘किंवा इतर कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर गोळी फेकणारं शस्त्र तिच्यात येतं. दाबलेली हवा ही तशीच ऊर्जा, म्हणजे एअरगन, अर्थात ही छर्ऱ्याची बंदूक, कायद्याच्या बाहेर नाही. जुलै 2016 मध्ये नवे शस्त्र नियम आले. तेव्हापासून तिला परवान्यातून जी सूट मिळते, ती दोन अटींवर: नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या (सुमारे 15 फूट-पौंड) आत हवी आणि नळीचा व्यास 4.5 मिमी, म्हणजे .177 इंचांपेक्षा जास्त नको. दोन्ही अटी पाळल्या तरच सूट.

एकच अट लक्षात ठेवणं

सगळ्यात जास्त घोळ .22 बोअरच्या, म्हणजे 5.5 मिमी नळीच्या बंदुकीचा होतो. ‘पॉवर कमी आहे, चालतंय’ म्हणून 5.5 मिमीची रायफल घेतली जाते. तिची ऊर्जा 12 ज्यूल असली तरी व्यास मर्यादेबाहेर आहे, म्हणजे परवाना लागणारच. पूर्वी लाकडी फळीवर छर्रा मारून एअरगनची ताकद ठरवण्याची पद्धत होती आणि जुनी मंडळी अजून तोच दाखला देतात. आजचा हिशोब ज्यूल आणि मिलिमीटरमध्येच होतो. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षे कैद आहे, हे ‘जाऊ दे, बघू’ म्हणण्यापूर्वी वाचावं.

खोक्यावरच्या वेगावर विसंबणं

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘1000 एफपीएस’ छापलेलं असतं. तो फूट प्रति सेकंदातला वेग आहे, ऊर्जा नाही. ऊर्जा काढताना छर्ऱ्याचं वजन किलोग्रॅममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, वेगाचा वर्ग करायचा आणि गुणाकार निम्मा करायचा. 1000 एफपीएस म्हणजे सुमारे 305 मीटर प्रति सेकंद. त्या वेगानं 0.35 ग्रॅमचा हलका मिश्रधातूचा छर्रा गेला, तर ऊर्जा 16 ज्यूलच्या आसपास भरते. नेहमीचा 0.53 ग्रॅमचा शिशाचा छर्रा त्याच वेगानं गेला, तर जवळजवळ 25 ज्यूल. जाहिरातीतला आकडा एकच, पण एक छर्रा हद्दीच्या आत आणि दुसरा बाहेर. 0.53 ग्रॅमच्या छर्ऱ्याला 20 ज्यूलची हद्द साधारण 275 मीटर प्रति सेकंदाला, म्हणजे 900 एफपीएसला गाठते.

प्रत्यक्षात स्प्रिंगच्या बंदुकीचा वेग छर्रा जड झाला की चांगलाच उतरतो. पीसीपी, म्हणजे आधी हवा भरून ठेवायच्या रायफलीत मात्र जड छर्ऱ्याला बहुधा जास्त ऊर्जा मिळते. त्यामुळे हलक्या छर्ऱ्यावर ‘पास’ झालेली पीसीपी जड छर्ऱ्यावर नापास होऊ शकते. म्हणून क्लबात क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, असेल तर जे छर्रे खरोखर वापरता तेच घेऊन जा, दहाएक फैरी मोजा आणि सरासरीऐवजी सगळ्यात मोठा आकडा धरा.

घरी स्प्रिंग बदलणं

विकत घेताना 14 ज्यूलची असलेली रायफल जाड स्प्रिंग टाकून 22 ज्यूलची झाली, तर पावती दाखवून काही उपयोग नाही. बंदूक आज काय मारते ते मोजलं जातं. पीसीपीची ताकद वाढवायला तिचा रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा भाग) आणि हॅमर स्प्रिंग (हवेची झडप उघडणारी स्प्रिंग) फिरवणाऱ्यांनाही हेच लागू. आवाज दाबणारी नळी तर ऑनलाइन स्वस्त मिळाली म्हणून अजिबात लावू नका. बंदुकीचा आवाज कमी करण्यासाठी बनवलेल्या जोडसामानाला नियमांत स्वतंत्र आणि फार कडक वर्ग आहे.

एक साधी गोष्ट सांगावीशी वाटते. 10 मीटर एअर रायफल या ऑलिम्पिक प्रकारातल्या रायफली साधारण साडेसात ज्यूलच्याच असतात. अभिनव बिंद्रानं 2008 चं सुवर्ण अशाच प्रकारात जिंकलं, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतपासून ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलपर्यंत आपली मंडळी यातच घडली. नेम शिकायला ताकद लागत नाही.

परदेशी आकडे इथं लावणं

ब्रिटिश व्हिडिओ पाहून 12 फूट-पौंड पाठ केलेले बरेच भेटतात. ती इंग्लंड-वेल्सची रायफलसाठीची मर्यादा, पिस्तुलासाठी 6. स्कॉटलंडमध्ये 2016 च्या शेवटापासून कमी ताकदीच्या एअरगनलाही परवाना लागतो आणि जर्मनीत मुक्त विक्रीची हद्द 7.5 ज्यूल आहे. तिकडे राहणाऱ्यांनी तिथला नियम पाळावा, पण तिथे विनापरवाना घेतलेली बंदूक सुट्टीला येताना बॅगेत टाकू नये. आयातीचे आणि कस्टम्सचे नियम वेगळे आहेत.

परवाना नको म्हणजे कुठेही, कशावरही

मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. सुटीत गावी गेलेली पोरं होल्यांवर, पोपटांवर नेम धरतात आणि मोठी माणसं कौतुकानं बघतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 शिकारीचं हत्यार कोणतं ते विचारत नाही. मोरासारख्या अनुसूची 1 मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या जीवाला मारलं तर किमान 3 वर्षे कैद आहे. ‘कावळे मारायला हरकत नाही’ हाही जुना समज सोडा. कावळ्याचं नाव असलेली उपद्रवी प्राण्यांची यादी 2022 च्या दुरुस्तीत कायद्यातून गेली. भटक्या कुत्र्यावर छर्रा मारणं हाही गुन्हाच.

शिवाय सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. सूट असलेली एअरगनही तेव्हा उघडी घेऊन फिरू नका. एरवीही रेंजवर नेताना ती रिकामी करून, बंद केसमध्ये, पावती आणि ओळखपत्रासह न्या.

आधीच घेतलेली बंदूक मर्यादेबाहेरची निघाली, तर ती गुपचूप विकू नका किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवू नका. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करा, पोहोच घ्या, आणि जमलं तर आधी वकिलाशी बोला.