परदेशातून चांदीची नाणी मागवताना या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला पार्सलच्या ट्रॅकिंगचा फोटो पाठवतं. त्यावर 'कस्टममध्ये थांबले आहे' एवढंच असतं आणि खाली प्रश्न असतो, 'आता काय करू?' आता फारसं काही करता येत नाही. जे करायचं ते ऑर्डर देण्याआधी करायचं होतं, पण तेव्हा चांदीचा भाव चढत होता आणि गडबड होती. चांदी घेणाऱ्याला गडबड नाही असा दिवस मी अजून पाहिलेला नाही.

सगळ्यात आधी दर्शनी किंमत, कारण ही चूक करणाऱ्यांना ती चूक नव्हे, शोध वाटतो. अमेरिकेच्या सिल्व्हर ईगलवर १ डॉलर कोरलेला असतो, कॅनडाच्या मेपल लीफवर ५ डॉलर, ऑस्ट्रियाच्या फिलहार्मोनिकवर दीड युरो, ब्रिटनच्या ब्रिटानियावर २ पौंड. चौघांतही चांदी तेवढीच, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. ते आकडे नाण्याला कायदेशीर चलनाचा दर्जा मिळावा एवढ्यासाठी आहेत. तरी दर काही महिन्यांनी एखाद्या नव्या संग्राहकाच्या डोक्यात दिवा लागतो: २० ईगल म्हणजे २० डॉलर, मग कर कशावर लागणार?

माझ्या ओळखीच्या एकाने हे खरोखर केलं. ईगल २० नाण्यांच्या नळीत येतात, तशी एक नळी त्याने मागवली आणि विक्रेत्याला स्वतःच लिहून कळवलं की टपालाच्या घोषणापत्रावर २० डॉलर टाका. विक्रेत्यानेही टाकले. मात्र पार्सल हरवलं तर पैसे बुडू नयेत म्हणून विमा पूर्ण रकमेचा उतरवला. एकाच खोक्यावर एका कागदात किंमत २० आणि दुसऱ्यात तिच्या तीसपट. अधिकाऱ्याला खोकं उघडायचीही गरज पडली नाही. त्याने बिल मागितलं, पैसे भरल्याचा पुरावा मागितला, आणि बिलात अर्थातच खरी किंमत होती. पूर्ण रकमेवर कर लागला, वर दंड, वर गोदामाचं भाडं, आणि सहा आठवडे गेले. पुढची त्याची तीन पार्सलंही उघडली गेली. तो म्हणतो योगायोग. मला तसं वाटत नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन कराराप्रमाणे कस्टम बघतं ते वस्तूसाठी प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत. नाण्यावर काय कोरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कमी किंमत लिहून विमाच न उतरवणारेही असतात. ते अधिक हुशार समजायचे, पार्सल गहाळ होईपर्यंत. मग भरपाई मागायला गेलं की कागदावरची किंमत त्यांच्याच अंगावर येते.

माझी सवय सांगतो. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच पत्र पाठवतो: नाण्याचं नाव, वर्ष, वजन, शुद्धता, नग, प्रत्येकी किंमत, वाहतूक आणि विमा वेगळे, हे सगळं बिलात हवं. बिलाची एक प्रत खोक्याच्या आत, एक बाहेर. रवाना करण्याआधी घोषणापत्राचा फोटो. 'कमी लिहून देऊ का?' असं विक्रेत्याने आपणहून विचारलं तर मी विक्रेता बदलतो. कस्टमला खोटं सांगायला जो इतक्या सहज तयार होतो, त्याच्या ९९९ शुद्धतेवर, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी असल्याच्या दाव्यावर, मी का विश्वास ठेवू?

'भेटवस्तू' या चौकोनात खूण करायला सांगणं हीसुद्धा त्याच जातीची चूक. दुकानदार तुम्हाला भेट पाठवत नसतो.

एक ऑर्डर पाच पाकिटांत फोडून मागवू नका. पाचही एकाच दिवशी एकाच टेबलावर येतात.

दुसरा माझा जुना राग म्हणजे वस्तूला भलतंच नाव देणं. टॅरिफच्या, म्हणजे सीमाशुल्काच्या दरपत्रकाच्या, आंतरराष्ट्रीय क्रमवारीत चांदीची लगड ७१०६ मध्ये येते आणि नाणी ७११८ मध्ये. तिथेही सोन्याव्यतिरिक्तची, कायदेशीर चलन नसलेली नाणी एका पोटकलमात आणि उरलेली दुसऱ्यात. ९७०५ हे संग्रहणीय वस्तूंचं घर, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून त्यात १०० वर्षांहून जुनी नाणी वेगळी काढली आहेत. खाजगी टांकसाळीने पाडलेला 'राउंड' दिसतो नाण्यासारखा, पण कोणत्याही सरकारने तो चलन म्हणून काढलेला नसतो, म्हणून तो नाणं नाही. क्रमांक बदलला की बऱ्याच देशांत दरही बदलतो.

यात मी स्वतः पोळलो आहे. मेक्सिकोच्या पाच लिबर्ताद मागवल्या होत्या. विक्रेत्याने बिलात 'सिल्व्हर राउंड' लिहिलं आणि मी आळसाने तसंच जाऊ दिलं. १९८२ पासून निघणाऱ्या या नाण्यावर दर्शनी किंमत नसतेच. अधिकाऱ्याने नाणं उलटंपालटं केलं, आकडा शोधला, सापडला नाही, आणि बिलही म्हणतंय राउंड. त्याची काहीच चूक नव्हती. मग मी कागद जमवत बसलो: मेक्सिकोच्या चलन कायद्यात अशा नाण्यांना जागा आहे, त्यांचं मूल्य तिथली मध्यवर्ती बँक जाहीर करते, वगैरे. शेवटी त्याने मानलं. पण बिलावर 'लिबर्ताद, मेक्सिकोचे कायदेशीर चलन, १ औंस, शुद्धता ९९९' एवढं असतं तर माझे तेवीस दिवस वाचले असते.

उलट्या दिशेची चलाखीही चालते. ब्रिटनमध्ये संग्रहणीय वस्तूंच्या आयातीवर मूल्यवर्धित कराचा प्रभावी दर ५ टक्के, तर साध्या चांदीच्या नाण्यावर २० टक्के. लगेच याच वर्षी हजारोंनी पाडलेल्या बुलियन नाण्याचं, म्हणजे धातूच्या भावावर विकल्या जाणाऱ्या नाण्याचं, बिलात 'दुर्मीळ संग्रहणीय' म्हणून बारसं होतं. दुर्मीळ असेल तर किंमत चांदीच्या भावाला चिकटून कशी, हे अधिकाऱ्यालाही कळतं.

सोन्याचा नियम चांदीला लावणं ही नवशिक्यांची ठरलेली ठेच. युरोपीय संघात गुंतवणुकीच्या सोन्याला २००० पासून मूल्यवर्धित करातून सूट आहे. चांदीला नाही. उलट ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात गुंतवणुकीच्या रूपातली चांदीही सुटते, पण शुद्धता किमान ९९.९ टक्के हवी. इथे ब्रिटानिया गोत्यात आणते. १९९७ ते २०१२ या काळातली ब्रिटानिया ९५.८ टक्क्यांची, २०१३ पासूनची ९९.९ ची. नाव तेच, कर वेगळा. बिलात वर्ष लिहायला लावतो ते उगाच नाही. चिनी पांडाचंही असंच: २०१६ पासून तो औंसाचा राहिला नाही, ३० ग्रॅमचा झाला, आणि 'एक औंस' लिहिलेलं बिल काट्यावर खोटं ठरतं.

मग जुन्या माहितीवर हिशेब करणारे. जर्मनीत चांदीच्या नाण्यांना ७ टक्क्यांचा सवलतीचा दर होता, तो २०१४ सुरू होताना गेला. युरोपीय संघातली २२ युरोंपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ ला गेली. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची मोकळीक २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली. भारताने जुलै २०२४ मध्ये चांदीवरचं शुल्क १५ वरून एकदम ६ टक्क्यांवर आणलं. तुमच्या मित्राने तीन वर्षांपूर्वी काय भरलं याला आज काही अर्थ नाही. ऑर्डर देण्याच्या दिवशी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरचा दर बघा, आणि लागू होतो तो सहसा माल पोहोचण्याच्या सुमाराचा, ऑर्डरच्या दिवसाचा नव्हे, हेही धरा.

बेरीज चुकते ती अशी. समजा नाण्यांची किंमत १००, शुल्क ६ टक्के आणि त्यावर विक्रीकर २० टक्के. लोक १२६ धरतात. पण बऱ्याच देशांत वाहतूक आणि विमा किमतीत मिळवूनच शुल्क मोजतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया मात्र शुल्कासाठी परदेशी वाहतूक बाहेर ठेवतात. वाहतूक आणि विमा ८ धरले तर शुल्क १०८ वर, म्हणजे ६.४८. विक्रीकर ११४.४८ वर, म्हणजे २२.९०. एकूण १३७.३८, आणि कुरिअर तुमच्या वतीने कर भरल्याची फी वेगळी घेणार. शिवाय चलनाचा दर बाजारातला त्या दिवसाचा नसतो, कस्टमने जाहीर केलेला असतो. मी कागदावर हा हिशेब मांडल्याशिवाय 'खरेदी करा' दाबत नाही. या बेरजेनंतर निम्म्या वेळा घरापाशीचं महागडं नाणंच स्वस्त पडतं, आणि कोणालाच ते ऐकायचं नसतं.

कागदपत्रांत लिहायचा 'मूळ देश' म्हणजे नाणं पाडणारा देश, विक्रेत्याचा देश नव्हे. जर्मनीतल्या दुकानातून घेतलेला ईगल अमेरिकेचाच राहतो.

टपालाने पाठवत असाल तर विमा उतरवलेल्या सेवेनेच पाठवा. बऱ्याच कुरिअर सेवा नाणी आणि मौल्यवान धातू घेतच नाहीत. 'धातूचे सुटे भाग' असं लिहून घुसवलेलं पार्सल हरवलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

प्रवासात खिशात नळी घेऊन विमानतळावरच्या हिरव्या मार्गाने, म्हणजे 'जाहीर करण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांच्या वाटेने, बाहेर पडू नका. एक्स-रेमध्ये चांदीचा ठोकळा लपत नाही. माल जाहीर करायच्या लाल मार्गावर दहा मिनिटं जातात.

कर भरल्याची पावती जपा. नाणी प्रदर्शनाला परदेशी नेऊन परत आणताना मला तीच दाखवावी लागली. ती नसती तर माझ्याच नाण्यांवर दुसऱ्यांदा कर भरला असता. फक्त पावती घडी करून नळीत कोंबू नका. साध्या कागदात गंधक असू शकतो आणि त्याने चांदी काळवंडते. माझ्या पाच मेपल लीफ अशा गेल्या. आता पावत्या वेगळ्या फायलीत, नळीवर फक्त फायलीचा क्रमांक.