जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात नॅसचं टेंपरेचर बघत जा

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद खोलीत, कपाटात ठेवलेल्या नॅसमधल्या (नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डबा) हार्डडिस्क खोलीपेक्षा अजून १०-१५ अंश तरी गरम चालतात, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. सिनॉलॉजी कंपनीचं नॅस असेल तर स्टोरेज मॅनेजरमधे प्रत्येक ड्राइव्हचं टेंपरेचर वेगळं दिसतं, दुसरं काही असेल तर स्मार्ट रिपोर्टमधे (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतो ती) १९४ नंबरची ओळ बघा. ४० पर्यंत निवांत, ५० च्या पुढं सारखं राहत असेल तर काहीतरी करायलाच पाहिजे, कारण बऱ्याच ड्राइव्हची मर्यादा ६०-६५ असते आणि तिथपर्यंत वाट बघू नये.

आधी फॅन सेटिंग क्वाएट वरून कूल करा, आवाज वाढतो थोडा, वाढू द्या. मागच्या जाळीत धूळ चिकटलेली असते ती नॅस बंद करून ब्रशनं काढा, भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. डेटा स्क्रबिंग (साठवलेला डेटा बिघडला नाही ना याची तपासणी), मोठे बॅकअप पहाटे लावा. आणि कूलरचा झोत कृपा करून थेट नॅसवर सोडू नका, ती हवा ओली असते. टेंपरेचर वाढलं की मोबाईलवर नोटिफिकेशन येईल असं पण सेट करून ठेवा.